आजीचे गोठ आणि तीस गुण : आणीबाणीवरच्या एका निबंध स्पर्धेचं प्रकरण

पार्श्वभूमी

२५ जून २०२५ ला आणीबाणीच्या घोषणेला ५० वर्षं पूर्ण होणार होती, म्हणून आमच्या वाचनालयाने त्या वर्षीची निबंध स्पर्धा याच विषयावर घ्यायचं ठरवलं. पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातलं हे तालुक्याचं गाव. मी तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. कार्यकारिणीत शिक्षक मी एकटीच, त्यामुळे स्पर्धेची निमंत्रकही दरवर्षी मीच असते. इथे माणसांची नावं बदलली किंवा गाळली आहेत. ज्यांच्या घरातली गोष्ट यात येते त्या आजींना लिहिण्याआधी विचारलं. "नाव नको, गाव नको, बाकी लिवा," त्या म्हणाल्या.

बक्षिसांची रक्कम गावातल्या एका कुटुंबाने देऊ केली. त्यांचे वडील 'मिसा' या विनाचौकशी स्थानबद्धतेच्या कायद्याखाली १३ महिने नाशिकरोडच्या तुरुंगात होते. पहिलं बक्षीस ५,००० रुपये, दुसरं ३,०००, तिसरं २,०००, आणि वडिलांच्या नावाचा फिरता चषक. शिवाय वडिलांनी तुरुंगातून घरी लिहिलेली, तपासनिसाचा शिक्का असलेली पत्रं बक्षीस समारंभाच्या वेळी प्रदर्शनात मांडायला देऊ, असंही त्यांनी आपणहून सांगितलं होतं. ती पत्रं मी एकदा त्यांच्या घरी पाहिली होती. एका पत्रातल्या चार ओळी काळ्या शाईने अशा खोडल्या होत्या की कागद मागून फुगला होता. मुलांना आणीबाणी शिकवायला मला त्या चार ओळी पुरल्या असत्या.

विषयाचं शीर्षक ठरायला बैठकीत दोन मिनिटं लागली : 'आणीबाणी : भारतीय लोकशाहीवरचा काळा डाग'. कुणी हरकत घेतली नाही. मीही नाही. माझं स्वतःचं मत तेच आहे. १ लाखाहून अधिक माणसं विनाचौकशी किंवा संरक्षण नियमांखाली आत टाकली गेली (आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचे आकडे : 'मिसा'खाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८), वर्तमानपत्रांवर पूर्वतपासणी बसली, आणि २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं की या काळात अटकेविरुद्ध न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. त्या एकवीस महिन्यांबद्दल मी वर्गात कधी तटस्थ बोललेले नाही.

गुणांची विभागणी मी केली. विषयाचं आकलन ३०, मांडणी २०, भाषा २०, आणि 'लोकशाही मूल्यांवरील निष्ठा' ३०. ही शेवटची ओळ मी जुन्या एका देशभक्तीपर स्पर्धेच्या पत्रकावरून घेतली. लिहिताना पेन अडखळलं नाही.

आलेले निबंध

निबंध हाताने लिहिलेला असावा असा नियम होता. हेतू हा की मोबाइलवरून उचलून छापलेलं येऊ नये. मुलांनी मोबाइलवरचं हाताने उतरवून काढलं. आलेल्या ६३ निबंधांपैकी चाळीसेक निबंध एकाच साच्यातले होते. सुरुवात '२५ जूनची ती काळरात्र', शेवट 'लोकशाही चिरायू होवो', आणि मध्ये तेच मुद्दे त्याच क्रमाने. चुकाही सारख्याच. आणीबाणी १९ महिने टिकली (२५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ म्हणजे जवळपास २१ महिने होतात). पाकिस्तानशी युद्ध झालं म्हणून ती लावली गेली (युद्धाच्या वेळची डिसेंबर १९७१ ची आणीबाणी आधीच चालू होती; १९७५ ची त्यावर दुसरी, 'अंतर्गत अशांतते'च्या कारणाने लावलेली). मंत्रिमंडळाने ठराव करून राष्ट्रपतींकडे पाठवला (प्रत्यक्षात फक्रुद्दीन अली अहमद यांनी रात्री सही केली आणि मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बैठकीत कळलं). या शेवटच्या गोष्टीवर तर पुढे ४४ वी घटनादुरुस्ती उभी आहे. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय असल्याखेरीज आता राष्ट्रपतींना अशी घोषणा करता येत नाही. मुलांनी नेमकं तेच उलटं लिहिलं होतं, आणि 'निष्ठे'चे ३० पैकी २५-२६ गुण त्यांना मिळतच होते.

या गठ्ठ्यात अकरावीतल्या एका मुलीचा नऊ पानी निबंध होता. तिला इथे कोमल म्हणते.

कोमलचा निबंध आजीच्या गोठांपासून सुरू होत होता. मनगटात घालायचे चांदीचे गोठ, पंधरा तोळ्यांचे, आजीच्या आईने लग्नात घातलेले. १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायच्या कामावर होती, तिथली हजेरी हातात पडेपर्यंत घर चालवायला आजोबांनी गोठ सावकाराकडे ठेवले आणि १२० रुपये आणले. तीन वर्षांत व्याज मुद्दलाच्या वर गेलं. १९७५ च्या दिवाळीच्या पुढेमागे तलाठ्याने चावडीवर सांगितलं की सावकाराला गहाण वस्तू परत द्याव्या लागणार. आजोबा चार माणसं घेऊन गेले आणि गोठ घेऊन आले. कोमलने आजीचं वाक्य तसंच दिलं होतं : "माजं गोट परत आलं त्या साली. इंदिराबाईनं दिलं." मग सहा पानं त्या सालातलं गाव होतं. रेशनची रांग, वेळेवर येऊ लागलेला तलाठी, पारावर बसून सरकारबद्दल बोलायचं माणसांनी कसं सोडलं ते. आणि शेवटी हे :

"आजीचं स्वातंत्र्य त्या रात्री गेलं असं पुस्तकात आहे. मी तिला विचारलं तर ती म्हणाली, आमच्याकडं कवा आलं हुतं? मला वाटतं, काळा डाग पडायला कापड आधी पांढरं असावं लागतं."

प्रश्न कुठे उभा राहिला

परीक्षक दोन होते. पहिले, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी कोमलला निष्ठेचे ३० पैकी ४ गुण दिले आणि समासात लाल शाईने लिहिलं, 'आणीबाणीची भलामण'. एकूण ५२. दुसऱ्या, तालुका न्यायालयात वकिली करणाऱ्या एक बाई. त्यांनी त्याच रकान्यात २७ दिले आणि एकूण ८८. त्यांचा शेरा असा (कलम २१ म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) : 'कलम २१ चा उल्लेख नाही. पण ते या घरापर्यंत कधी पोचलं होतं का, हा प्रश्न अख्ख्या गठ्ठ्यात हिनेच विचारला आहे.'

दोन परीक्षकांच्या गुणांत ठरावीक अंतराहून जास्त फरक पडला तर काय करायचं, याचा नियम आम्ही केलेलाच नव्हता. सरासरी ७० येत होती आणि कोमल पहिल्या दहांत कशीबशी बसत होती.

त्याच आठवड्यात कार्यकारिणीतल्या कुणीतरी दात्यांना फोनवर सांगितलं की एका मुलीने आणीबाणी चांगली होती असं लिहिलंय आणि तिला बक्षीस द्यायचं चाललंय. दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. दाते संध्याकाळी माझ्या घरी आले. चहा घेतला नाही.

"ताई, वडील आत होते तेव्हा आईने शिवणाचं मशीन चालवून आम्हाला वाढवलं. दारात यायला नातेवाईक घाबरायचे. त्या माणसाच्या नावाच्या चषकावर कुणाचं नाव कोरायचं ते तुम्ही ठरवा, पण हे नको."

मी निबंध वाचून बघा म्हणाले. त्यांनी वाचला, माझ्यासमोर, सावकाश, नऊच्या नऊ पानं. मग कागद नीट जुळवून ठेवला आणि म्हणाले, "पोरगी लिहिते चांगली. पण माझ्या आईला हे मी वाचून दाखवू शकणार नाही." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. त्यांचं दुःख खरं आहे आणि आजीचे गोठही खरे आहेत.

समोरचे पर्याय

सगळ्यात सोपा होता सरासरी तशीच ठेवण्याचा. निकाल लागला असता, कुणी विचारलं नसतं. माझ्या मनात तो दोन दिवस होता हे सांगायला हवं, कारण गावात असे निर्णय बहुधा याच वाटेने होतात. पण ५२ आणि ८८ यांची सरासरी म्हणजे मत नव्हे. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या होत्या आणि त्यांची बेरीज करून निम्मे घेण्यात काही अर्थ नव्हता.

निबंध 'विषयबाह्य' म्हणून बाद करणं हा दुसरा. अध्यक्षांचा कल तिकडे होता. विषयात 'काळा डाग' असं स्पष्ट लिहिलंय, तिने तो मानला नाही, म्हणजे विषय सोडला. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर होतं, आणि म्हणूनच मला त्याचा धसका बसला. लोकशाहीवरच्या स्पर्धेत वेगळं मत मांडलं म्हणून बाद, आणि तेही नियमाप्रमाणे. आम्ही लिहिलेल्या शीर्षकातून हेच निघत होतं.

तिसरा पर्याय ग्रंथपालांनी सुचवला. तिला चषकाबाहेरचं एखादं 'विशेष उल्लेखनीय' द्यावं. दाते राहतील, मुलगीही राहील. वकीलबाईंनी विचारलं, "उल्लेखनीय आहे तर क्रमांकात का नाही?" त्यावर कुणी बोललं नाही.

चौथा मीच मांडला होता आणि त्याचीच मला आज सगळ्यात जास्त खंत आहे. कोमलला बोलावून शेवटी एक परिच्छेद जोडायला सांगायचं. तुरुंगातली माणसं, वृत्तपत्रं, हेबियस कॉर्पस म्हणजे अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क. निबंध 'समतोल' होईल आणि पहिल्या परीक्षकांचे गुण वाढतील. मला ते तेव्हा शिकवण्याचंच काम वाटलं.

पाचवा, सगळं मूल्यमापन नव्या निकषांवर पुन्हा करणं. वेळखाऊ, आणि स्पर्धा संपल्यावर नियम बदलण्याचा दोष त्यात उघड होता.

आधी पडताळणी

निर्णयाआधी एक गोष्ट तपासायची ठरली. आजीची हकिगत खरी असू शकते का? मुख्याध्यापकांचं म्हणणं होतं की कर्जमाफी वगैरे त्या वेळच्या जाहिरातीतलं आहे, मुलीने ते कुठूनतरी उचललं.

वकीलबाईंनी कायदा काढला. महाराष्ट्र ऋणमुक्ती कायदा, १९७५. आधी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये अध्यादेश. अल्पभूधारक, शेतमजूर, ग्रामीण कारागीर यांची सावकारी कर्जं त्याने संपुष्टात आली आणि गहाण वस्तू परत करणं बंधनकारक झालं. सावकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जानेवारी १९७७ मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला, आणि तो निकाल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिला. २४ जून १९७५ ला, आणीबाणीच्या आदल्या दिवशी, इंदिरा गांधींची निवडणूक रद्द करणाऱ्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालाला त्यांच्या बाजूने सशर्त स्थगिती देणारे न्यायमूर्तीही तेच. वकीलबाई हे सांगत होत्या तेव्हा मला पंचवीस वर्षं शिकवत असलेला धडा नव्याने कळत होता. ऋणमुक्ती कायदा मी वर्गात एकदाही उच्चारला नव्हता.

म्हणजे तारखा जुळत होत्या. हेही खरं की सावकाराला आवरायला माणसं तुरुंगात टाकावी लागत नाहीत. त्याच ७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली, विरोधी पक्ष, मोर्चे, विधिमंडळातल्या चर्चा सगळं चालू असताना. आजीने खडी फोडली ती त्याच दुष्काळी कामांवर. कोमलच्या निबंधात हा धागा नव्हता. तिला तो दाखवणं हे खरं शिकवणं झालं असतं.

मग वकीलबाई आणि मी आजींकडे गेलो. रविवार होता. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढे शेवग्याचं झाड. आजींनी पत्र्याच्या ट्रंकेतून लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले गोठ काढले. काळे पडले होते. एकाच्या आतल्या बाजूला कानशीने ओढलेली एक बारीक रेघ होती. सावकाराने चांदी तपासताना मारलेली, असं त्यांनी सांगितलं. मनगट आता इतकं बारीक झालं होतं की त्यांनी गोठ घालून दाखवला तो कोपरापर्यंत सरकला.

वकीलबाईंनी सहज विचारलं, "आजोबा तेव्हा काय करत होते?"

आजी थोडं थांबल्या. मग म्हणाल्या, "फुडच्या साली त्येंचं आपरेशन झालं. जीप आली हुती. कोमलचा बाप तेवढा एकच हुता तवा. एकच ऱ्हायला."

कोमल दारात उभी होती. तिला हे माहीत होतं. निबंधात का नाही, असं मी परत निघताना विचारलं. ती म्हणाली, "आजी म्हणाली ते घरातलं आहे." आणि लगेच, "मॅडम, ते लिहिलं तर नंबर येईल का?"

"नंबरासाठी लिहू नकोस," मी म्हणाले. तिला हवं होतं ते उत्तर हे नव्हतं.

१९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. त्या विधेयकातही अट तीन मुलांची होती. कोमलच्या आजोबांना एक होतं. ही माहिती निबंधात आली असती तर सगळा पेच एका ओळीत सुटला असता. दात्यांना निबंध पटला असता, मुख्याध्यापकांनी गुण वाढवले असते, मला माझा 'समतोल' मिळाला असता. वकीलबाई आणि मी एसटीच्या थांब्यावर अर्धा तास याच्यावर बोललो. शेवटी ठरलं की आम्ही ऐकलं ते आमच्यापाशी ठेवायचं. आजींनी ते दोन पाहुण्यांना सांगितलं होतं. चषक कुणाला द्यायचा यासाठी सांगितलं नव्हतं.

जोडपरिच्छेदाचा माझा पर्याय मी त्या थांब्यावरच सोडला.

काय केलं

पुढच्या बैठकीत मी पाचवा पर्याय मांडला. 'लोकशाही मूल्यांवरील निष्ठा' हा रकाना काढायचा आणि त्याच्या जागी 'हे तुम्हाला कुठून कळलं' हे तपासणारा ३० गुणांचा रकाना आणायचा. पुस्तक वाचलं, माणसाशी बोललं, जुनं वर्तमानपत्र पाहिलं, काहीही चालेल, पण निबंधात ते दिसलं पाहिजे. आधीच्या निकालातले पहिले बारा निबंध, नावं झाकून, दुसऱ्या जिल्ह्यातल्या तिसऱ्या परीक्षकांकडे पाठवायचे. आणि हा बदल सगळ्या स्पर्धकांना निकालाआधी पत्राने कळवायचा.

मुख्याध्यापक या बैठकीत बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जे सांगितलं ते कार्यकारिणीच्या इतिवृत्तात नाही. त्यांच्या परवानगीने इथे लिहिते. ७६ साली ते प्राथमिक शाळेवर नवे मास्तर होते. 'केसेस', म्हणजे नसबंदीसाठी माणसं, आणल्या नाहीत तर पगार निघणार नाही असं तोंडी सांगण्यात आलं होतं. त्यांनी दोन केसेस आणल्या. "त्या दोघांची नावं मला अजून पाठ आहेत. ही पोरगी लिहिते, आजीचं काही गेलं नाही. मला राग आला. जायचं ते कसं जातं ते मी बघितलंय, त्यात माझा हात होता."

मी काही बोलले नाही. एसटी थांब्यावरचा शब्द पाळणं त्या क्षणाइतकं जड कधीच झालं नव्हतं.

मुख्याध्यापकांनी त्यांचे ४ गुण मागे घेतले नाहीत. रकाना काढायला मात्र त्यांनी हात वर केला. "असा रकाना त्या काळात आम्हालाही होता," एवढंच म्हणाले.

ठराव पाच विरुद्ध दोन मतांनी झाला.

काय झालं

पहिला क्रमांक पदवीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीला मिळाला. डिसेंबर १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनावर तिने लिहिलं होतं. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. आणि त्याच मांडवात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत आणीबाणीत अटक झालेले नेते जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थनेला उभं करतात. तिने वाचनालयातले जुने अंक काढून काढून वाचले होते, आणि कऱ्हाडला राहणाऱ्या आपल्या चुलतआजोबांना मांडव कुठे होता ते दाखवायला लावलं होतं. आधीच्या निकालात ती पाचवी होती. कोमल दुसरी आली.

आधी पहिला असलेला बारावीतला मुलगा तिसऱ्यावर घसरला. त्याचे वडील वाचनालयात आले आणि म्हणाले, "खेळ संपल्यावर नियम बदलता, आणि शिकवता लोकशाही?" त्यांचं बरोबर होतं. आम्ही त्यांची माफी मागितली, लेखी. मुलाला पहिल्याइतकी रक्कम वाचनालयाच्या निधीतून द्यावी असं मी सुचवलं, ते नामंजूर झालं. तो मुलगा समारंभाला आला नाही.

दात्यांनी पहिल्या आणि तिसऱ्या बक्षिसाचे पैसे दिले. दुसऱ्याचे ३,००० घालायला ते राजी नव्हते. ते वाचनालयाने घातले. चषकावर पहिल्या मुलीचं नाव कोरलं गेलं, त्यामुळे तो प्रश्न वरवर सुटला. पण प्रदर्शनासाठीची पत्रं त्यांनी दिली नाहीत. काचेचं कपाट आम्ही साफ करून ठेवलं होतं. त्यात शेवटी जुनी पाठ्यपुस्तकं मांडली.

हे या प्रकरणातलं सगळ्यात मोठं नुकसान आहे, असं मला वाटतं. कोमलचा निबंध आणि ती खोडलेल्या चार ओळींची पत्रं एकाच दालनात असती तर साठ मुलांना आम्हा सगळ्यांच्या भाषणांहून अधिक कळलं असतं. ती दोन्ही एका ठिकाणी येऊ न देण्याची तजवीज आमच्याच शीर्षकाने आधी करून ठेवली होती. दात्यांना आम्ही 'काळा डाग' या शब्दांत एक वचन दिलं होतं आणि नंतर ते मोडलं. त्यांच्या बाजूने पाहिलं तर ती फसवणूकच आहे.

आज वेगळं काय करीन

शीर्षकात निकाल लिहिणार नाही. आणीबाणीबद्दल माझं मत बदललेलं नाही, उलट एसटी थांब्यावरच्या त्या अर्ध्या तासानंतर ते अधिक घट्ट झालं आहे. पण माझं मत मुलांकडून उतरवून घेण्याची किंमत त्या चाळीस सारख्या निबंधांत दिसली. १९७७ साली महाराष्ट्राने ४८ पैकी २० जागा काँग्रेसला दिल्या, उत्तरेत तो पक्ष साफ झाला असतानाही. त्या मतदारांत गोठ परत मिळालेल्या बायका असणारच. त्या का तशा वागल्या, हे विचारायची मुभा नसलेली स्पर्धा आम्ही घेतली.

दात्यांशी स्पर्धेआधी बसून बोलेन, लेखी ठरवेन : निबंध निकालाआधी कुणी पाहणार नाही, निष्कर्षावर कुणाची अट नसेल. त्यांना ते मान्य नसेल तर बक्षीस वाचनालयाचं, आणि वडिलांच्या नावाने व्याख्यान. त्यांना त्यांच्या वडिलांची गोष्ट पूर्ण, कुणाच्या शेजारी न ठेवता, सांगता यायला हवी होती.

परीक्षकांच्या गुणांत १५ हून जास्त फरक आला तर तिसरा परीक्षक, हा नियम आता पत्रकात छापतो.

आजींकडे आम्ही गेलो त्याबद्दल माझं मन अजून स्वच्छ नाही. ६३ निबंधांतल्या एकाच घरी आम्ही पडताळणीला गेलो, आणि ते घर पत्र्याचं होतं. कऱ्हाडवरच्या निबंधातले चुलतआजोबा खरे आहेत का, हे आम्ही कुणी विचारलं नाही. पडताळायचं तर अंतिम यादीतल्या सगळ्यांना एकेक दिवस वाचनालयात बोलावून, 'हे कुठून आणलंस ते सांग' असं विचारायला हवं होतं. बोलण्याआधी आजींना हेही सांगायला हवं होतं की आम्ही कशासाठी आलो आहोत आणि त्यांनी सांगितलेल्यातलं काय कुठे जाऊ शकतं. त्यांनी आम्हाला नातीच्या बाई समजून ट्रंक उघडली.

आणि ते चाळीस निबंध. त्यांचं आम्ही काहीच केलं नाही. सहभागाचं प्रमाणपत्र देऊन टाकलं. त्यांतल्या एकाही मुलाला १९ महिने कुठून आले ते कुणी विचारलं नाही. या वर्षी मी त्यांतले जे अजून आमच्याकडे शिकतात त्यांना घेऊन बसले, एका फळ्यावर सगळ्या तारखा लिहिल्या आणि मंत्रिमंडळाच्या सकाळी सहाच्या बैठकीपाशी थांबले. एका मुलाने विचारलं, "मग रात्री सही केली तेव्हा नाही म्हणायला कोण होतं?" त्या दिवशी तास अर्धा तास लांबला.

पुढच्या स्पर्धेचा विषय ठरला आहे : 'ते एकवीस महिने आणि आमचं गाव'. मुख्याध्यापकांनी या खेपेला परीक्षक न होता मुलांना मुलाखत देतो म्हणून कळवलंय. कोमलने तिच्या आजीला विचारलं आहे की उरलेलं लिहू का. आजी अजून हो म्हणालेल्या नाहीत. दात्यांना मी पत्र लिहिलं आहे, पत्रांच्या प्रदर्शनासाठी, स्पर्धेशी न जोडता. त्यांच्या आईंचं वय आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे, म्हणून अक्षर मोठं काढलं.